सातवी बैठक

केंद्राच्या बाई रविवारी जेवायला येणार असं कळलं आणि आत्यानं घर डोक्यावर घेतलं. पडदे धुतले गेले, जिन्यातली रद्दी हलली, खालच्या कारखान्यातला लाकडाचा भुसा पायांबरोबर वर येऊ नये म्हणून दाराशी ओलं पोतं पसरलं गेलं. आत्या तिन्ही भावंडांत थोरली; मग दादा, मग धाकटे काका. सगळं आयुष्य तिनं नर्सची नोकरी केली, त्यामुळे निवृत्त झाल्यावर घर हाच तिचा वॉर्ड झाला आणि घरातली माणसं तिचे पेशंट. शनिवारी दुपारी तिनं सगळ्यांना पुढच्या खोलीत गोळा केलं.

"उद्या बाईंसमोर जपून बोलायचं," ती म्हणाली. "त्यांच्या एका शब्दावर पोरीचं सगळं आहे."

"खुराड्याच्या मालकीणबाई येणार, म्हणून आम्ही पंख मिटून बसायचं?" धाकटे काका म्हणाले.

"तू तर तोंडच उघडू नकोस. तुझ्या जिभेला हाड नाही."

"ताई, जिभेला हाड कुणाच्याच नसतं. तू नर्स होतीस ना?"

ज्या जागेवरून हे चाललं होतं तिची पाटी भली लांबलचक होती. लोक तिला नुसतं इन्क्युबेटर म्हणत, घरात 'केंद्र' म्हणत. एका जुन्या गोदामात ते थाटलेलं होतं. डोक्यात धंद्याची कल्पना आहे पण पाठीशी कुणी नाही, अशा माणसांना तिथं एक टेबल मिळे, सगळ्यांत मिळून यंत्रं वापरता येत, कायद्याचं आणि कराचं कुणाला तरी विचारता येई, आणि प्रत्येकाच्या मानगुटीवर एक जाणता माणूस बसवलेला असे; घरच्या पोरीच्या वाट्याला या बाई आल्या होत्या. नव्या धंद्यांची अंडी तिथं उबवतात एवढं काकांच्या कानावर पडलं आणि त्यांनी त्याच दिवशी त्या जागेचं बारसं 'खुराडं' म्हणून उरकून टाकलं. त्यात पहिले काही महिने तिथं काही विकू देत नाहीत, फक्त लोकांचं ऐकून घ्यायला लावतात, हे समजल्यावर तर काकांच्या थट्टेला ऊतच आला. घरच्या खुर्च्यांचं दुकान ते सांभाळत. काही न विकणारा धंदा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

त्या खुराड्यात वर्षापूर्वी जाऊन बसलेली कोंबडी म्हणजे दादांची मुलगी, भिंगरी. चार पिढ्या खुर्च्या करणाऱ्या घरात जन्मून ही पोर एका जागी टिकत नसे, म्हणून आजोबांनी तिला हे नाव ठेवलं. शिकून आली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता कारखान्यात दादांच्या हाताखाली उभी राहील. राहिलीही दोन वर्षं. मग तिच्या डोक्यात ती बैठक शिरली. खुर्चीवर ठेवायची गादीच ती, पण आत दोन फळ्या, पुढून बिजागरीनं जोडलेल्या, मध्ये स्प्रिंगा. माणूस उठायला पुढे झुकला की मागची बाजू हळूच वर येते आणि त्याला उभं करते. वीज नको, काही नको, बाजूच्या चकतीवर आपलं वजन लावलं की झालं. दादा म्हणाले होते, खुर्चीचं काम माणसाला बसवण्याचं, उठवण्याचं नव्हे. त्यावरून बापलेकीत काय झालं ते घरात आता कुणी उगाळत नाही. शेवटी ठरलं ते एवढंच: एक वर्ष. वर्षानंतर केंद्रानं पुढच्या टप्प्यासाठी ठेवून घेतलं तर ती तिच्या वाटेनं मोकळी, नाहीतर मुकाट्यानं कारखान्यात परत. सोमवारी समिती निर्णय देणार होती.

दोन महिन्यांपूर्वी भिंगरीनं सात बैठका सात जणांना वापरायला दिल्या होत्या. सगळी घरातली नाहीतर नात्यातली म्हातारी माणसं. आजोबांना एक, आत्याच्या सासूबाईंना एक, आईच्या मावशीला एक, अशा. दर आठवड्याला ती फोन करून विचारी आणि दर आठवड्याला सातही ठिकाणांहून कौतुकाचा पूर येई. हा पूर कुठल्या धरणातून सुटतो ते फक्त आत्याला माहीत होतं. भिंगरीच्या आधी तिचा फोन गेलेला असे. "पोरगी विचारेल हं. चार चांगले शब्द बोला. बोलायला काय पैसे पडतात?" यात आपण काही वावगं करतोय असं तिच्या मनाला शिवलंही नाही. आजाऱ्याला 'आज चेहरा टवटवीत दिसतोय' म्हणायचं असतं, तसंच हे. आत्याच्या पोटात माया होती आणि मायेखेरीज काही नव्हतं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण थोड्याच वेळात सगळे तिच्यावर तुटून पडणार आहेत.

बाई रविवारी अगदी वेळेवर आल्या. साठीच्या, सुती कपड्यांतल्या, चपला दाराशी नीट जोडीनं काढून ठेवणाऱ्या. खांद्याला भलीमोठी पिशवी होती. "कशाला आणायचं हो काही!" म्हणत आत्यानं पिशवी घ्यायला हात पुढे केला आणि वजनानं वाकलीच.

"ती जेवणानंतर उघडू," बाई म्हणाल्या.

जेवताना त्यांनी टेबलाभोवतीच्या खुर्च्यांची चौकशी केली. ही कुणी केली, ती कधीची, हिची पाठ अशी मागे का झुकलीय. दादांनी दोन-दोन शब्दांत उत्तरं दिली. भिंगरी नुसताच भात कालवत होती. आठवड्यापूर्वी बाईंनी सातही बैठका तपासायला परत मागवल्या होत्या आणि शुक्रवारी नुसतं म्हणाल्या होत्या, "रविवारी मला तुझ्या घरी जेवायला बोलाव." का, ते सांगितलं नव्हतं.

"मग आजोबा, कशी वाटली नातीची बैठक?" बाईंनी विचारलं.

आजोबांनी आत्याकडे पाहिलं. "छान! फारच छान. मी तर तिच्यावरच असायचो."

"माझ्या सासूबाई म्हणतात, जणू पंख फुटले," आत्या म्हणाली. "सोडायलाच तयार नव्हत्या."

"मावशीचंही तेच," आई भात वाढता वाढता पुटपुटली.

"बरं वाटलं ऐकून," बाई म्हणाल्या. "मला एकच कोडं पडलंय. वजनाच्या चकतीवर आमच्याकडे निळी चिकटपट्टी लावतात. ती काढल्याशिवाय चकती फिरत नाही. सात बैठकांपैकी सहांवर ती पट्टी जशीच्या तशी आहे. बिजागरीवर घासल्याची खूण नाही, कापडाला सुरकुती नाही. म्हणजे एकतर या सहा जणांना वजनच नाही, नाहीतर ती माणसं तिच्यावर बसलेलीच नाहीत."

आईनं हातातला डाव भांड्यात ठेवला.

"म्हातारी माणसं," आत्या म्हणाली. "वस्तू जपून वापरतात हो."

"आत्या," भिंगरी म्हणाली. तिला एकदम सगळं दिसलं. दर आठवड्याचे ते फोन, सात घरांतून येणारी तीच ती वाक्यं, ते पंख फुटणं. "तू आधी फोन करत होतीस सगळ्यांना?"

"मग काय करू? तू एवढी राबतेस, आणि त्यांनी तुला तोंडावर नाही म्हणायचं?"

"अगं, नाही म्हणण्यासाठीच दिली होती ना ती! मी समितीला सांगून बसलेय. सात जण, सातही समाधानी. माझ्या तोंडानं सांगितलंय मी!" तिचा आवाज चिरकला. "उद्या मी काय सांगू? माझ्या घरच्यांनी मला फसवलं?"

"फसवलं?" आत्याचे डोळे भरले. "ऐक रे दादा, तुझी लेक काय म्हणते."

"बरोबर म्हणते," आई म्हणाली. तिनं आजवर नणंदेला असं कधी तोंड दिलं नव्हतं; स्वतःच दचकून ती पुन्हा भाताकडे वळली.

बाईंनी पाण्याचा घोट घेतला. "यांच्यावर रागावू नकोस. माझी शाळेच्या दप्तरांची कंपनी होती, तुला माहीत आहे. ओळखीच्या प्रत्येक घरात माझं दप्तर. जो तो म्हणायचा, काय सुंदर! पट्टा खांद्यात रुततो हे एकानंही सांगितलं नाही. कंपनी बुडाली, मग सगळ्यांनी सांगितलं. मी केंद्रात येऊन बसले ती त्याचसाठी. नव्या माणसाला सल्ला काय, कुणीही देतो. त्याला खरं ऐकायला मिळेल अशी सोय कुणी करत नाही."

मग त्यांनी पिशवी टेबलावर घेतली आणि आतून एक बैठक काढली. ती इतरांसारखी नव्हती. कापड बसून बसून विरलेलं, कडा हातांनी काळपट झालेल्या, एक स्प्रिंग थकलेली.

"ही सातवी. हिच्यावर कुणीतरी रोज बसलंय, दिवसातून किती वेळा कोण जाणे. ही आजोबांच्या नावावर आहे. पण चकती लावलीय पंचाण्णव किलोवर. आजोबा, तुमचं वजन किती?"

"ओल्या कपड्यांसकट पन्नास," आजोबा म्हणाले.

"मग हा माणूस कोण?" बाईंनी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. "मला फक्त तो हवाय. उद्या समितीपुढे हिच्यासाठी बोलायचं की नाही ते त्याच्याशी बोलल्यावरच ठरेल. तो सापडला नाही तर माझ्याजवळ सांगण्यासारखं काही नाही. सहा न वापरलेल्या बैठका आणि खोटं कौतुक, एवढंच."

दादा ताटातल्या रेघोट्यांकडे पाहत होते. तो माणूस कोण, ते त्यांना माहीत होतं.

महिन्याभरापूर्वी, कारखान्यातले कारागीर जेवायला गेलेले असताना, तो माणूस कागदात गुंडाळलेली बैठक घेऊन खाली आला होता. "बिजागरी सुटलीय. दुरुस्त कर, आणि वर कुणाला बोलू नकोस, माझी शपथ आहे," म्हणाला होता. दादांनी ती उघडली. लेकीच्या हातचं काम त्यांनी वर्षभरात पहिल्यांदाच एवढ्या जवळून पाहिलं. फळीच्या आतल्या कडासुद्धा घासून गुळगुळीत केलेल्या होत्या, जिथं कुणाचा हात कधी जाणार नव्हता. हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. बिजागरी बदलून त्यांनी बैठक परत दिली आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांचं कामात लक्ष लागलं नाही.

आता नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसण्यात दादांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ते बोलले नाहीत तर बाई उठून जातील, समिती नाही म्हणेल, आणि मंगळवारी सकाळी भिंगरी कारखान्याच्या दारात उभी असेल. तिचा अ‍ॅप्रन अजून खिळ्यालाच होता. चार पिढ्यांचा कारखाना, आणि पुढं कोण, या विचारानं त्यांना किती वेळा जाग आली होती. देवानं आयतं ताट पुढं केलं होतं; त्यांनी फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. आणि आपल्याला या गोष्टीचा आनंद होतोय हे लक्षात येताच दादांना स्वतःची एवढी लाज वाटली की कान गरम झाले.

समोर भिंगरी बसली होती. ती रडत नव्हती. लहानपणी पडल्यावर जसा खालचा ओठ दातांत धरायची तसा धरून बसली होती.

"हिची बिजागरी मी बदललीय," दादा म्हणाले.

सगळ्या माना वळल्या.

"दादा!" काका ओरडले. "शपथ घातली होती मी!"

आणि ओरडल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपण काय करून बसलो.

काका पंचावन्नचे. केस काळेभोर, त्या काळेपणाबद्दल घरात कुणी अवाक्षर काढत नसे. उंचेपुरे, भरदार, गळ्यात आवाज असा की दुकानात कुणी शिरलं तर कोपऱ्यावर कळावं. वर्षभर त्यांनी खुराड्यावर जेवढे विनोद केले होते ते सगळे आता टेबलावर त्यांच्याकडे तोंड करून बसले होते. हसून वेळ मारून न्यावी असं त्यांना वाटलं. आजवर प्रत्येक वेळी ती तशीच मारून नेली होती.

"काका, तुम्ही?" भिंगरी म्हणाली.

"तुझ्या आजोबांनी मला दिली. म्हणाले, ही ढकलते मला, माळ्यावर टाक. मी दुकानात नेली, टाकायलाच नेली होती. सहज एकदा बसून पाहिलं."

"आणि?" बाईंनी विचारलं.

"आणि काय आणि? भिकार आहे!" काकांचा आवाज चढला. एकदा बांध फुटला तो फुटलाच. "पहिली गोष्ट, करकरते. गिऱ्हाईक वळून बघतं, त्याला वाटतं माझी हाडं वाजतायत. कापड घसरतं. वरून मऊ आणि खाली फळी, दुपारपर्यंत कंबर बोलायला लागते. चकती बसवलीय बाजूला, तीही पार खालच्या अंगाला, ती बघायला वाकावं लागतं. अगं, वाकता आलं असतं तर बैठक कशाला हवी होती? आणि उठवते ठीक, पण एकदा बसताना मधेच अशी काही खाली गेली की चहा सगळा शर्टावर. गिऱ्हाईकासमोर!"

आत्यानं कपाळाला हात लावला. भिंगरी मात्र खुर्चीच्या टोकावर आली होती. डोळे विस्फारून ती एकेक शब्द असा ऐकत होती की जणू काका तिला बक्षीस वाटतायत.

"बसताना कधी गेली? घाईत बसलात तेव्हा, का नेहमीच?"

"घाईत. फोन वाजत असला की."

"आणि एवढी भिकार आहे," बाई हळूच म्हणाल्या, "तर मग दोन महिने रोज का बसलात?"

काकांनी वडिलांकडे पाहिलं आणि नजर खाली घातली.

या घराच्या दुकानाचा एक नियम होता, आजोबांनी घातलेला. दाराशी गिऱ्हाईक आलं की दुकानदारानं उठून उभं राहायचं. खरेदीला आलेलं असो वा नुसता पत्ता विचारायला. बसल्या जागेवरून 'या' म्हणायचं नाही. काका तीस वर्षं हा नियम पाळत आले होते आणि गेली चार वर्षं प्रत्येक उठण्याला दोन्ही गुडघ्यांतून कळ मस्तकात जात होती. डॉक्टरकडे जायचं म्हणजे म्हातारपणावर सही करायची, म्हणून ते गेले नव्हते.

"या आठवड्यात बैठक तुमच्याकडे नव्हती," बाई म्हणाल्या. "तेव्हा काय केलंत?"

काकांचा आवाज एकदम उतरला.

"बुधवारी एक बाई आल्या. पाळण्याजवळ ठेवायला खुर्ची हवी होती त्यांना. मी... मी बसून राहिलो. बसूनच म्हटलं, या. त्यांना काही वाटलं नाही, खुर्ची घेऊन गेल्या. पण मला त्या रात्री जेवण गेलं नाही." त्यांनी मान वर केली. "चुकलं, बाबा."

आजोबांनी मुलाकडे पाहिलं. मग त्यांना हसू फुटलं. आधी बारीक, मग खांदे हलायला लागले.

"अरे वेड्या, शेवटची दोन वर्षं मी दुकानात बसतच नव्हतो. आठवतं? दारातच उभा असायचो दिवसभर. लोक म्हणायचे, काय हा म्हातारा, किती मान देतो! मान कसला डोंबलाचा. एकदा बसलो की मला उठता येत नव्हतं!"

पहिल्यांदा आई हसली, मग आत्या, आणि मग काकासुद्धा, हसता हसता डोळे पुसत. भिंगरीनं उठून काकांच्या गळ्यात मागून हात टाकले. "वर्षभर खुराडं खुराडं करून माझं डोकं खाल्लंत, आणि अंड्यावर तुम्हीच बसला होतात!"

"हळू, हळू. मान गेलीय आधीच."

एकदा एकानं खरं बोलायला सुरुवात केली की बाकीच्यांना राहवत नाही. आत्यानं कबूल केलं की तिच्या सासूबाईंनी बैठक आल्या दिवशीच पलंगाखाली सारली, कारण तिच्यामुळे माणूस म्हातारं दिसतं. आईच्या मावशीनं खोकं उघडलंच नाही, त्यावर कुंडी ठेवली होती. आजोबा म्हणाले, "जन्मभर मी खुर्च्या केल्या. आता एका खुर्चीनं मला 'ऊठ' म्हणायचं? आणि उठून जायचंय कुठं मला?"

भिंगरी थबकली. "परत म्हणा, आजोबा."

"उठून जायचंय कुठं मला?"

"तेच!" ती बाईंकडे वळली. "यांना उठायची घाईच नाहीये. हे सावकाश, हाताला धरून, दहा मिनिटांनी उठले तरी चालतं. घाई काकांना आहे. ज्यांना कामावर सारखं उठबस करावं लागतं त्यांना. मी चुकीच्या घरांत दिल्या होत्या."

बाईंनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

"या घरात सगळे एकाच वेळी खरं बोलतायत, असं पहिल्यांदाच होतंय," आई म्हणाली. "ताटं आवरू, का अजून कुणाचं काही राहिलंय?"

बाई गेल्यावर भिंगरी खाली कारखान्यात आली. सुट्टीचा दिवस, यंत्रं बंद. दादा एका खुर्चीच्या पायाला घासकागद मारत उभे होते. त्यांना रिकाम्या हातानं उभं राहता येत नसे.

"बाबा, तुम्ही बोलला नसता तर मी परत आले असते."

"हो."

"तुम्हाला तेच हवं होतं."

"हो," दादा म्हणाले. हात थांबला नाही. "हवं होतं आणि अजूनही हवंय. खोटं कशाला सांगू. पण तू इथं उभी राहून त्या रस्त्याकडे बघत राहिली असतीस, आणि मी तुझ्याकडे. त्यापेक्षा हे बरं." मग घासकागद खाली ठेवून, "वस्तू चांगली केलीयस तू. बिजागरी पत्र्याची आहे, ती चालायची नाही. पितळेची घाल. कशी बसवायची ते दाखवतो, ये इकडे."

वर्षभरात बापलेकींनी शेजारी शेजारी उभं राहून काम केलं नव्हतं. त्या दुपारी केलं. दिवा लावायची वेळ झाली तरी दोघांना पत्ता नव्हता.

सोमवारी समितीत तिघं होते. बाई बाजूला बसल्या होत्या. भिंगरीनं सातव्या बैठकीचं कापड काढून ती उघडी टेबलावर ठेवली.

"मागच्या वेळी मी तुम्हाला सांगितलं होतं, वापरणारे सात, सातही समाधानी," ती म्हणाली. "ते खरं नव्हतं. मला काल कळलं. वापरणारा एकच आहे, आणि तो समाधानी नाही."

चष्मेवाल्या गृहस्थांनी भुवया उंचावल्या. "एक? एका माणसाच्या भरवशावर आम्ही तुम्हाला अजून सहा महिने जागा द्यायची?"

"सात होते तेव्हा खरं म्हणजे एकही नव्हता. आता एक आहे. तो तक्रारी करतो, शिव्या देतो, आणि बैठक काढून घेतली की त्याचा आठवडा जात नाही." तिनं काकांच्या सगळ्या तक्रारी एकेक करून सांगितल्या. करकर, घसरणारं कापड, बसताना दगा देणारी स्प्रिंग, वाकल्याशिवाय न दिसणारी चकती. प्रत्येकीवर काय करायचं ते सांगितलं आणि दोन ठिकाणी 'हे अजून मला माहीत नाही' असं सरळ म्हणाली.

गृहस्थ बाईंकडे वळले. "तुमचं मत?"

"मी त्या माणसाबरोबर जेवले," बाई म्हणाल्या. "वर्षभरात इथं एवढा खरा वापरणारा मी पाहिलेला नाही. हिला ठेवून घ्या."

बाहेर आली तेव्हा काका बाकावर नव्हते. ऐन सोमवारी दुकान बंद ठेवून ते तिच्याबरोबर आले होते आणि इतका वेळ एका जागी बसणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. मधल्या मोठ्या दालनात, टेबलांच्या गर्दीत, ते एका मुलीच्या कंदिलासारख्या दिव्यापुढे उभे राहून तिला वस्तू कशी मांडावी ते शिकवत होते. भिंगरीला पाहताच त्यांचं बोलणं अर्धवट राहिलं.

"काय झालं?"

"सहा महिने मिळाले. टेबल राहिलं."

काकांनी डोळे मिटून मोठा श्वास सोडला. कंदीलवाल्या मुलीनं टाळ्या वाजवल्या.

"पण अट आहे," भिंगरी म्हणाली. "आता पंधरा जण हवेत. दिवसभर ज्यांना कामावर उठबस करावी लागते असे. आणि त्यात एकही नातेवाईक चालणार नाही."

"नातेवाईक नाही?" काकांनी क्षणभर विचार केला. मग दाराकडे चालायलाही लागले, गुडघा सांभाळत, पण भराभर. "सोपं आहे. आमच्या दुकानासमोरचा औषधवाला. स्टुलावर बसतो आणि दिवसभर वर-खाली, वर-खाली. मग किल्ल्या बनवणारा. पोस्टातली खिडकीवाली. चल, औषधवाल्यापासून सुरू करू, आत्ता मोकळा असेल."

"आत्ता?"

"मग कधी? आणि हे बघ." पायरीवर थांबून त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तू एकटीच आत जा. मी पलीकडे थांबतो. माझी पुतणी आहेस हे त्याला अजिबात कळू द्यायचं नाही. कळलं तर तो गोड बोलेल."